मत्स्यालयाला निघताना : मुलांच्या घरच्यांसाठी चार गोष्टी

गाडी ठरवताना तुम्ही आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारता. एसी चालतो ना, आणि पोरं कंटाळणार नाहीत ना? पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं : चालतो. दुसऱ्यासाठी हा कागद आहे.

आमचा व्यवसाय लहान. फोंड्याहून कुटुंबांच्या सहली नेतो आणि बऱ्याचदा आमच्यातलं एक माणूस तुमच्यासोबत आतही येतं. एवढ्या फेऱ्यांत आमचं एक मत पक्कं झालंय. मासे बघून मुलं कंटाळत नाहीत, पुढे ढकलली की कंटाळतात. 'चल रे, पुढे याहून मोठा आहे' म्हणत अर्ध्या तासात सगळ्या टाक्या उरकल्या की बाहेर आल्यावर मुलाला आइस्क्रीमची गाडी तेवढी दिसते.

म्हणून आधी सगळीकडे एक झरझर चक्कर मारा. मग मुलाला विचारा, 'परत कुठे जायचं?' तो म्हणेल त्या दोन-तीन टाक्यांपाशीच उरलेला वेळ घालवा. गर्दी नसेल तर खाली बसा. उभ्याने आपल्याला टाकीचा मधला भाग दिसतो, पण मजा बरेचदा तळाशी असते. वाळूत अर्धवट पुरलेला मासा, दगडाआडची कुर्ली, हे आधी मुलांना दिसतं आणि मग आपल्याला.

पाटीवरचं नाव वाचून दाखवून फारसं काही होत नाही. प्रश्न विचारा. याला पापण्या आहेत का? (बहुतेक माशांना नसतात, ते डोळे उघडे ठेवूनच विश्रांती घेतात.) शेपटी कशी हलते, डावी-उजवी की वर-खाली? माशाची डावी-उजवी हलते. दुसऱ्या दिवशी डॉल्फिनच्या बोटीवर जाणार असाल तर हा प्रश्न जपून ठेवा. डॉल्फिन मासा नाही, त्याची शेपटी वर-खाली हलते आणि म्हणूनच पाण्यावर त्याची पाठ तशी डुबकत येते.

काचेला चिकटलेला काळपट, ठिपक्यांचा मासा बऱ्याच मत्स्यालयांत असतो. दुकानदार त्याला क्लीनर म्हणतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. मोठी माणसं त्याच्याकडे बघतही नाहीत, पण लहानांसाठी त्याच्याइतका चांगला मासा नाही, कारण त्याचं बशीसारखं तोंड खालच्या बाजूला असतं आणि काचेवरचं शेवाळ खरवडताना ते आपल्याला अलीकडून थेट दिसतं. मागे एक चार वर्षांची मुलगी त्याच्यासमोर पंधरा मिनिटं हलली नाही. तो तोंड कसं करतो तसं करत करत तिचे ओठ काचेला टेकले, तेव्हा आजी मागून ओरडली, "अगो, काच उष्टी करू नको!"

वाम माशाची टाकी आली की काही मुलं रडवेली होतात, कारण तो सारखं तोंड उघडतो, मिटतो. तो दात दाखवत नाहीये, श्वास घेतोय. तोंडातून पाणी घेऊन कल्ल्यांवरून सोडतोय. एवढं सांगितलं की तीच मुलं त्याच्याबरोबर श्वास मोजायला लागतात. समुद्रघोडा असेल तर पिल्लांची पिशवी बाबाच्या पोटाला असते हे सांगा. घरचे बाबा शेजारी उभे असतील तर हशा ठरलेला.

काचेवर टकटक मात्र नको. माशाच्या दोन्ही अंगांना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली बारीक थरथरही कळते. शिवाय आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर पाण्यात सुमारे 1500. आपली टकटक म्हणजे त्याच्या घराच्या भिंतीवर घण. फ्लॅशही बंद ठेवा. तसाही काचेवर उजेड उलटून फोटो पांढराच येतो.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना एक कोडं घाला : मासा काचेपासून किती आत आहे, हाताने दाखव. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सपाट काचेतून चार हातांवरचा मासा साधारण तीन हातांवर भासतो, आणि मोठाही.

गोव्याच्या आणि कोकणातल्या मुलांना ताटातला मासा जिवंत बघायचं फार अप्रूप असतं. मुलगा 'हा आपण खातो ना?' असं मोठ्याने विचारेल. लाजू नका, हो म्हणा. आमच्या मते तर मत्स्यालयानंतरच्या सकाळी मासळी बाजार दाखवावाच. टाकीत पाहिलेली रेघ पालू किंवा चणक यांच्या अंगावर नीट दिसते. शेवटा दिसला तर सांगा, हा गोव्याचा राज्यमासा. पावसाळ्यात येणार असाल तर लक्षात असू द्या, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बाजार रोडावलेला असतो. पण किनाऱ्यावर पाण्यात उतरता येत नाही अशा त्या दिवसांत मत्स्यालयासारखी जागाच उपयोगी पडते.

वेळ उरला तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला चला. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूला, ओहोटीला, खारफुटीच्या चिखलात निवट्या उड्या मारतात. ओल्या कातडीतून श्वास घेणारा मासा. काचेतले शंभर बघितल्यावर चिखलात चालणारा हा एक बघून मुलं जी किंचाळतात, त्यासाठी आम्ही ओहोटीची वेळ आधी बघून ठेवतो.

बाकी किरकोळ. आत शिरण्यापूर्वी बाथरूम आणि पोटभर पाव-भाजी उरकून घ्या, उपाशी मुलाला कुठलाच मासा आवडत नाही. आत अंधार आणि फरशी ओली असते, म्हणून घसरणाऱ्या चपला टाळा. लहानग्याच्या दंडावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. सुट्टीच्या दिवशी सकाळी दार उघडताच पोचू, दुपारी नको.

परतीच्या वाटेवर पाहिलेले मासे काढायला गाडीत वह्या आणि खडू ठेवलेले असतात. पिवळा खडू नेहमी संपलेला असतो, तो तेवढा घरून आणा.