सवलत वेगळी, सुविधा वेगळी

विद्यापीठातल्या आमच्या दिव्यांग कक्षात जूनमध्ये गर्दी होते ती प्रवेशाची आणि ऑक्टोबरात परीक्षेची. अशाच एका ऑक्टोबरात एक मुलगी दारातूनच म्हणाली, "मॅडम, माझं कार्ड पांढरं आहे. मला काही मिळत नाही ना?" यूडीआयडी कार्डाला, म्हणजे सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राला, रंग असतो. अपंगत्व 40 टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरा, 40 ते 79 पिवळा आणि 80 किंवा त्यापुढे निळा. या मुलीची उजव्या हाताची बोटं लिहिताना आखडतात. प्रवेशाच्या वेळी तिला खिडकीवर कुणीतरी सांगितलं होतं, चाळीस टक्के नाहीत, म्हणजे तुला काही नाही. ते खरं मानून तिने तीन सत्रं काढली. प्रत्येक पेपरात शेवटचे प्रश्न तसेच सोडून उठायची.

सांगणाऱ्याने सवलत आणि सुविधा एकाच पारड्यात टाकल्या होत्या. ही गल्लत मी रोज पाहते. प्राध्यापक करतात, पालक करतात, कधी आमच्या छापील अर्जातही ती असते.

सवलत म्हणजे राखीव जागा, वयाची अट शिथिल होणं, फी माफी, पास होण्यासाठी मिळणारे वाढीव गुण. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये आला. त्याच्या कलम 32 नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात आणि वयात 5 वर्षं सूट मिळते. त्यासाठी 40 टक्क्यांची अट आहे. मागची असमानता भरून काढायला समाजाने उचललेलं हे पाऊल आहे. ते हक्काचं आहे आणि त्यात कुणी मान खाली घालण्यासारखं काहीच नाही.

सुविधेचं काम निराळं आहे. ती गुण देत नाही, अभ्यासक्रम हलका करत नाही, प्रश्नही बदलत नाही. विद्यार्थ्याला जे माहीत आहे ते कागदावर उतरण्याच्या आड जे येतं, तेवढंच ती दूर करते. रायटर म्हणजे लेखनिक, प्रश्न वाचून दाखवणारा वाचक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, तळमजल्यावरचा वर्ग, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) असलेला संगणक आणि वाढीव वेळ, हे सगळं सुविधेत येतं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो या वेळेवरून. "तासाला वीस मिनिटं जास्त? मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?" हा प्रश्न मला शिक्षकांच्या खोलीत अनेकदा विचारला गेला आहे. केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट म्हटलं होतं, की 'जादा वेळ' हा शब्दच सोडा, त्याला भरपाईचा वेळ म्हणा. भरपाई कशाची, हे पाहायचं असेल तर अंध विद्यार्थ्याच्या अकाउंटन्सीच्या पेपराला एकदा शेजारी बसावं. लेखनिक प्रश्न वाचतो. विद्यार्थी म्हणतो, "परत वाच." तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, डोक्यात मांडली जाते. मग तो सांगू लागतो, "डावा रकाना, तिसरी ओळ, देणेकरी, बेचाळीस हजार पाचशे." लेखनिक उजवीकडे लिहितो. बेरीज जुळत नाही. चूक कुठे झाली ते विद्यार्थ्याला दिसत नाही, म्हणून सगळी तेरीज पुन्हा वाचून घ्यावी लागते. डोळस मुलगा जे एका नजरेत करतो, त्याला इथे आठ मिनिटं गेली. तीन तासांच्या पेपराला मिळणारा एक तास अशा आठ-आठ मिनिटांत संपतो.

सुविधेला टक्क्यांचं कुंपण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकासकुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात सांगितलं. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि 40 टक्क्यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. मात्र लिहिता येण्यावर मर्यादा आहे आणि लेखनिक गरजेचा आहे, असं सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. पांढऱ्या कार्डाच्या त्या मुलीला आम्ही तिथेच पाठवलं.

उलटी गल्लत मला जास्त खुपते. अंध मुलाला प्रयोगशाळेत सहायक द्यायच्या ऐवजी "तुला प्रॅक्टिकल माफ" म्हणून मोकळं करायचं. कर्णबधिर मुलीला व्याख्यानाचं लिखित टिपण द्यायचं सोडून तोंडी परीक्षेत चार गुण टाकायचे. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण ते मूल विषय न शिकताच बाहेर पडतं आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात ते उघडं पडतं. सुविधा द्यायला माणूस, खोली, वेळ लागतो. माफी एका सहीत होते, म्हणून ती पटकन दिली जाते.

काही हुशार मुलं तर "मला सवलत नको, मी माझ्या जोरावर पास होईन" म्हणत लेखनिकच नाकारतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. जुनी उत्तरपत्रिका समोर ठेवते आणि विचारते, हा सुटलेला प्रश्न येत नव्हता की लिहून झाला नाही?

लेखनिक ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधू नका. स्वतःचा आणणार असाल तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा कमी असायला हवं. त्याच्याबरोबर घरी निदान दोन पेपर घड्याळ लावून सोडवा. "नवा परिच्छेद", "अधोरेखित कर", "कंस बंद" असे शब्द दोघांत ठरवून घ्या. ती मुलगी आणि तिची बारावीतली लेखनिक आमच्या कक्षातच रोज दुपारी बसायच्या. तिसऱ्या दिवशी मुलगी सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदाच वाचतेय."