खुडूक कोंबडीखाली पिल्ले सोडणे

उबवणी केंद्रातून आणलेली किंवा आईविना उरलेली पिल्ले अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या हवाली करण्याची परसातील कुक्कुटपालनातली रीत. विदर्भात गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले विकत घेतात. या कोंबड्या स्वतः क्वचितच खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात, म्हणून त्यांची पिल्ले वाढवण्याचे काम गावठी कोंबडीकडे येते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. ती बल्बखाली देता येते. पण थंडीच्या रात्री वीज गेली की पिल्ले गारठून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. कोंबडीच्या पंखाखाली हा धोका नाही.

सारे काही कोंबडीच्या खुडूकपणावर अवलंबून असते. हा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा परिणाम असतो. कोंबडी अंडी देणे थांबवते, पोटाखालची पिसे झडतात, हात नेला की अंग फुगवून गुरगुरते आणि दिवसातून एखाद्या वेळीच दाणापाण्यासाठी उठते. दोन-चार दिवस बसलेल्या कोंबडीवर विसंबू नये. अंडी उबायला २१ दिवस लागतात. त्यातले निदान दोन आठवडे तिने नेटाने बसून काढलेले असावेत. तोवर तिच्याखाली काही अंडी राहू द्यावीत. पिल्ले आणण्याआधी तिच्या पंखाखाली उवा, पिसवा पाहून घ्याव्यात, कारण त्या लगेच पिल्लांवर चढतात.

पिल्ले जितकी लहान तितके बरे. एक-दोन दिवसांची पिल्ले समोर येईल तिला आई मानतात. चार-पाच दिवसांची मात्र तिला बुजतात, हाकेला येत नाहीत. कोंबडीही काही दिवसांत स्वतःची पिल्ले ओळखू लागते. त्यामुळे आधीच पिल्ले घेऊन हिंडणाऱ्या कोंबडीत नवी, त्यातही वेगळ्या रंगाची पिल्ले मिसळली तर ती त्यांना टोचून मारू शकते.

पिल्ले अंधार पडल्यावरच सोडावीत. डालग्यात (बांबूच्या टोपलीत) तणस (पेंढा) किंवा कुटार (भुसा) अंथरून कोंबडी बसलेली असते. मागच्या बाजूने हात घालायचा, एक अंडे काढायचे आणि त्याच जागी मुठीतले पिल्लू सरकवायचे. पिल्लाची चिवचिव थांबली आणि कोंबडी खालच्या सुरात कुकू करू लागली की तिने ते पत्करले असे समजावे. एवढ्यावर निर्धास्त न होता पहाटे उजाडताच जाऊन पाहावे. चोचीचा हलका स्पर्श चालतो. डोक्यावर नेम धरून टोचत असेल तर पिल्ले तत्काळ उचलून बल्बखाली न्यावीत. कोंबडी कनकीचा (तांदळाच्या कणीचा) दाणा उचलून पिल्लांपुढे टाकू लागली की चिंता मिटते. गावठी कोंबडीच्या पंखाखाली साधारण दहा-बारा पिल्ले मावतात. थंडीत त्याहून कमी ठेवावीत.

कोंबडी आणि पिल्ले दोघांनाही पिल्लांचेच खाद्य द्यावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातला जास्तीचा कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधतो. पाणी उथळ बशीत, त्यात खडे टाकून ठेवावे. मानमोडी (राणीखेत) या रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब टाकून देतात. लशीसाठी पिल्ले रात्री पकडली तर कोंबडी फारशी बिथरत नाही. मुंगूस, बोका आणि घार यांच्यामुळे सुरुवातीचे दिवस कोंबडी आणि पिल्ले डालग्याखालीच बरी. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र डालगे सावलीत, वारा लागेल असे ठेवावे, नाहीतर उबेऐवजी उष्म्यानेच पिल्ले दगावतात.

सहा ते आठ आठवड्यांनी कोंबडी पिल्लांना टोचून दूर करते आणि पुन्हा अंडी देऊ लागते. खुडूक नसलेल्या कोंबड्यांत लहान पिल्ले कधीच थेट सोडत नाहीत. तलंगा (वाढत्या वयाच्या कोंबड्या) अंगाने भरेपर्यंत थांबून, आठ-पंधरा दिवस जाळीआडून एकमेकांना दिसू देऊन मग एकत्र करतात, आणि दाणा दोन-तीन ठिकाणी टाकतात, म्हणजे दुबळ्यांनाही पोटभर मिळते.