पार्श्वभूमी: पोपट, पिंजरा आणि 1/16 सेकंद

डोळ्याचे वर्गातले प्रयोग म्हटलं की मेणबत्ती-भिंग, अंधबिंदूची फुली आणि टिंब हे सगळ्यांनी केलेलं असतं, ते सोडून देऊ. घोळ आहे तो दृष्टिसातत्याच्या, म्हणजे समोरचं चित्र गेल्यावरही त्याचा ठसा डोळ्यात क्षणभर टिकतो हे दाखवणाऱ्या चकतीच्या प्रयोगात; पुस्तक म्हणतं, हा ठसा 1/16 सेकंद टिकतो. लग्नपत्रिकेचं जाड कार्ड गोल कापायचं, एका बाजूला पोपट, दुसऱ्या बाजूला पिंजरा, दोन्ही कडांना भोकं पाडून दोरा ओवायचा नि पीळ देऊन सोडायचा, पोपट पिंजऱ्यात. (पहिल्या खेपेला पोपट हमखास वटवाघळासारखा लटकतो, मागचं चित्र उलटं काढायचं असतं.)

फिरवलेलं कोलीत गोल दिसतं हे आपल्याकडे जुनंच, अलातचक्र हा शब्दच त्याच्यासाठी आहे. 1765 मध्ये फ्रान्समध्ये एकाने जळता निखारा फिरवून ठसा किती वेळ टिकतो ते मोजलं, उत्तर आलं साधारण 0.13 सेकंद. चकतीचं खेळणं लंडनमध्ये 1825 ला विकायला आलं. त्याच्या जरा आधी, डिसेंबर 1824 मध्ये, तिथल्याच एका डॉक्टरने शोधनिबंध वाचून दाखवला होता, उभ्या फटींतून पळत्या गाडीचं चाक बघितलं तर आरे वाकडे का दिसतात यावर. बस एवढंच. चित्र हलण्याचा त्यात विषयच नाही, पण पुढे सिनेमाच्या इतिहासकारांनी त्यालाच सिनेमाचा जन्मदाखला करून टाकलं.

आपला ‘दृष्टिसातत्य’ हा शब्द त्याच गाडीतून आलाय. ठसा टिकणं आणि हालचाल दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी, आपण एकाच शब्दात कोंबल्या. पोपटाच्या चकतीत दोन चित्रं मिसळतात, तिथे शब्द चालतो. पण सिनेमात ठसे असे एकावर एक साचले तर चालणारा माणूस दिसणारच नाही, नुसता चिखल दिसेल. 1912 मध्ये छापून आलेल्या फ्रँकफर्टच्या प्रयोगात दोन रेघा आळीपाळीने दाखवल्या, रेघा जागच्या जागी असूनही बघणाऱ्याला एकच रेघ सरकताना दिसली. म्हणजे सरकवणारा मेंदू. त्याच साली मुंबईत कुंडीतलं वाटाण्याचं रोप थोड्या थोड्या वेळाने टिपून फिल्म झाली, तीही हलली, आणि दोन फ्रेममध्ये किती वेळ गेला याच्याशी डोळ्याला काही देणंघेणं नव्हतं.

पुस्तकात मात्र 1/16 सेकंद हा एकच आकडा, पेपरात तोच लिहिला की मार्क. खरं तर ठसा किती टिकेल ते उजेड किती, खोलीत अंधार किती यावर ठरतं. आणि सेकंदाला 16 वेळा उघडझाप झाली तर डोळ्याला चक्क लुकलुकताना दिसते, म्हणून तर मूकपटाच्या प्रोजेक्टरला तीन पात्यांचं शटर (उजेड मधेमधे झाकणारी फिरती चकती) बसवायचे, प्रत्येक फ्रेम तीनदा दिसायची, सेकंदाला 16 फ्रेमचे 48 झपके. 24 फ्रेमवालेही प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायचे.

आता मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये चोकवाली जुनी ट्यूब शूट केली की ती सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होताना पोरांना स्वतःच दिसते, चकती कापायचीही गरज नाही.