मुलाच्या प्रश्नावर चालणारा वर्ग: कोल्हापूरची पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. मूल शाळेत यावं, यासाठीची ती लढाई होती. आल्यावर त्याला काय विचारू द्यायचं, हा मुद्दा पुढचा.

त्यावर काम दुसरीकडे सुरू होतं: रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरींचं बालगृह म्हणजे लहान मुलांची शाळा, भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेकांचं बालमंदिर. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं सोडून बिया, शिंपले, दगडगोटे वर्गात आणले. आमच्या मते खरं वळण हेच. वस्तू ओळखीची असली की मूल तिच्याबद्दल विचारतं.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि हा विचार प्राथमिक वर्गांत रुजवला. २०२२च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं ३ ते ८ वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला, त्यामुळे बालवाडी आणि पहिली-दुसरी सलग आखता येते.

इथल्या बालवाडीला गुळाइतका हाताशी विषय नाही. गुऱ्हाळातल्या उकळत्या काहिलीजवळ मुलांना नेऊ नये. वर्गातच दोन सारखे पेले, त्यांत सारख्याच मापाचं पाणी, एकात गार, दुसऱ्यात हाताला सोसेल इतकं कोमट. गुळाचा सुपारीएवढा एकेक खडा टाकण्याआधी विचारायचं, ‘आधी कुठला विरघळेल?’ उत्तर बालवाडीच्या ताईंनी सांगायचं नाही. एका वेळी सहा ते आठ मुलं बसवावीत, जास्त झाली की मागच्यांना काही दिसत नाही.

फसतं ते बहुतेक वेळा मोठ्यांच्या घाईनं. एकच पेला ढवळला, किंवा खडे लहानमोठे पडले, तर फरक पाण्याच्या उष्णतेमुळे की कशामुळे, हे कळत नाही. ‘का’ विचारलं की चार वर्षांचं मूल गप्प होतं. ‘काय दिसतंय’ विचारलं की बोलतं. खडा दिसेनासा झाल्यावर बरीच मुलं ‘गूळ संपला’ म्हणतात. तिथं चूक काढू नये, चमचाभर पाणी चाखायला द्यावं. उरलेलं पाणी बशीत पसरून उन्हात ठेवावं. वाळलेला चिकट थर मुलं बोटानं तपासतात, चाखलेल्या पाण्याशी ताडून पाहतात, आणि गूळ गेला कुठं यावर त्यांचं त्यांचंच बोलणं सुरू होतं.