विकर अडलं की परजीवी मेला?

आमच्या गडचिरोलीकडे आशाताई बोट टोचून मलेरियाची पट्टी करते. काही पट्ट्यांवर रेघ उमटते ती परजीवीच्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. नवं औषध शोधतानाही हेच विकर दोन चाचण्यांत मोजतात. दोन्हींत आकडा घसरला की आपण खूश होतो, पण दोन्हीकडे घसरण्याचं कारण वेगळं असतं.

पहिल्या चाचणीत परजीवी नसतोच. बारीक खळग्यात शुद्ध केलेलं विकर, ते ज्यावर काम करतं ते पायरुवेट आणि त्या कामात खर्ची पडणारं सहायक रसायन एनएडीएच. विकर कामाला लागलं की एनएडीएच संपत जातं आणि 340 नॅनोमीटरवरचं प्रकाशशोषण उतरतं. पदार्थ टाकल्यावर हा उतार मंदावला, तर विकर अडलं. काही मिनिटांचं काम.

दुसरीत माणसाच्या तांबड्या पेशींत जिवंत परजीवी वाढवतात. 1976 पासून हे सतत करता येऊ लागलं. दोन-तीन दिवस औषध द्यायचं, मग पेशी फोडून विकर मोजायचं. त्यासाठी एनएडीऐवजी (हे एनएडीएचचंच खर्ची पडल्यावरचं रूप) त्याचा असा भाऊबंद वापरतात, जो परजीवीचं विकर झपाट्याने घेतं आणि माणसाचं फार हळू. निळा-जांभळा रंग जितका गडद, तितके परजीवी शिल्लक. इथे विकर फक्त शिरगणतीला आहे. औषधाचा घाव दुसरीकडेच बसलेला असू शकतो. क्लोरोक्विनचंच बघा. परजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा त्यातला लोहाचा भाग, म्हणजे हीम, सुटतो; क्लोरोक्विन त्याला या हीमचे स्फटिक करू देत नाही, आणि साठलेलं हीमच त्याला मारतं. नुसत्या विकराच्या चाचणीवर विसंबलो असतो तर इतकं मोठं औषध हातचं गेलं असतं.

उलट उदाहरण आपल्या सरकीत आहे. तिच्यातलं गॉसिपॉल हे विकर अडवतं, पण माणसाचंही अडवतं. ते विषारी आहे, म्हणून त्याचं औषध झालं नाही. शिवाय दुसऱ्या चाचणीत ते फसवू शकतं. रंग फिका पडला तो परजीवी मेले म्हणून, की उरलेल्या गॉसिपॉलने मोजायचं विकरच अडवलं म्हणून? अशा वेळी औषध न दिलेले परजीवी फोडून, मोजायच्या क्षणीच त्यात गॉसिपॉल टाकायचं. तरीही रंग फिका आला, तर आधीच्या आकड्यावरून परजीवी मेले असं म्हणता येत नाही. काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेक मोजावे लागतात.