आयरिश लोकगीतांच्या अल्बममधलं संगीत खरंच हजारो वर्षं जुनं?

'आयरिश लोकगीतांचा अल्बम म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं संगीत, जसंच्या तसं' असं अनेकदा वाचायला मिळतं. असं वाटणं साहजिक आहे. त्या चालीच काळजाला हात घालतात. पण वस्तुस्थिती वेगळी आहे, आणि मला ती जास्त सुंदर वाटते.

आधी वाद्यं बघू. मागे किणकिणणारं बुझुकी हे मूळचं ग्रीक तंतुवाद्य. ते आयर्लंडमध्ये आलं 1960च्या दशकात. पुढे त्याची गोल पाठ सपाट झाली. गिटारची साथही विसाव्या शतकातलीच. बौरान हा बकरीच्या कातड्याचा, डफासारखा ढोल जुना खरा, पण वाद्यवृंदात तो रुळला 1960च्या सुमारास.

मग जुनं काय? शॅन-नोस ही गायनशैली, म्हणजे शब्दशः 'जुनी धाटणी'. एकच आवाज, साथ नाही, ठेका नाही. कधी कधी शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात हातात घेऊन हळूहळू गोल फिरवत राहतो. बस्स, तेवढीच साथ!

आता शब्द. बरीचशी प्रसिद्ध गाणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली आहेत. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1798च्या आयरिश उठावाचा उल्लेख असलेलं गाणं त्याआधीचं असूच शकत नाही.

पडताळायचं असेल तर अल्बमची माहितीपत्रिका उघडा. गाण्यापुढे 'ट्रॅड. अरेंज्ड बाय' आणि पुढे नाव दिसलं, तर गाणं पारंपरिक, पण वाद्यमेळ त्या कलाकाराचा. मग तेच गाणं शॅन-नोस गायकाकडून ऐका. फरक पहिल्याच ओळीत कळतो.