एक एप्रिलचा बर्फ आणि उन्हाळ्याचे पाणी

पश्चिम अमेरिकेतील कोलोरॅडो, युटा, आयडाहो यांसारख्या डोंगराळ राज्यांत नद्यांच्या पाण्याचा मोठा वाटा हिवाळी बर्फातून येतो. पाऊस पडला की नदीला पूर येतो, हा आपल्या ओळखीचा हिशेब तिथे चालत नाही. नोव्हेंबरपासून पडलेला बर्फ डोंगरमाथ्यावर साचून राहतो आणि एप्रिल ते जुलै या काळात वितळून धरणांत व कालव्यांत उतरतो. आपल्याकडे पंधरा ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून रब्बीची आवर्तने ठरवतात. तिथे तोच मान एक एप्रिलच्या बर्फाला आहे.

हा साठा मोजण्याची रीत बसवली ती नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवणाऱ्या जेम्स चर्च यांनी. गिर्यारोहणाच्या आवडीपायी ते भर हिवाळ्यात माउंट रोझवर चढले आणि पुढे तिथे त्यांनी हवामान वेधशाळा उभारली. त्याच सुमारास जवळच्या टाहो सरोवरावरून तंटा सुरू होता. सरोवराचे पाणी चढून किनारा बुडू नये, असे काठावरच्या मालकांना वाटे, तर खालच्या अंगाला, सरोवरातून निघणाऱ्या ट्रकी नदीवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांना आणि वीजकेंद्रांना भरपूर साठा हवा होता. सरोवर किती चढेल हे आधी कळल्याशिवाय मुखावरच्या धरणाची दारे कधी उघडायची, हे ठरणे कठीण होते. चर्च यांनी त्यासाठी बर्फात खुपसायची पोकळ नळी तयार केली आणि साधे गृहीत मांडले: बर्फातील पाणी नेहमीच्या जितके टक्के, तितकेच टक्के प्रवाहही येईल.

बर्फाची नुसती खोली फसवी असते, कारण भुसभुशीत आणि दबलेल्या बर्फात पाणी सारखे नसते. म्हणून नळी बर्फासकट तोलतात. आज प्रचलित असलेल्या नळीच्या तोंडाचा व्यास १.४८५ इंच आहे, आणि हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे: एवढ्या व्यासात एक इंच पाण्याचे वजन बरोबर एक औंस भरते, त्यामुळे बर्फात उभ्या असलेल्या माणसाला काट्यावरूनच उत्तर वाचता येते.

१९३४ च्या दुष्काळानंतर, १९३५ पासून, केंद्र सरकारने या मोजणीला पैसा दिला आणि पुढे ती मृदसंधारण खात्याकडे आली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्वयंचलित केंद्रे उभी राहू लागली. दुर्गम शिखरांवरून त्यांचे संदेश आणण्यासाठी, वातावरणात जळणाऱ्या उल्कांच्या मागे उरणाऱ्या विद्युतभारित रेषांवर रेडिओलहरी आदळवून परतवल्या जात, ही युक्ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते.

तरीही आकडे हाती असणे आणि टंचाई किती हे सांगता येणे, यांत अंतर होते. १९६५ पासून वापरात असलेला पामर दुष्काळ निर्देशांक मुख्यतः पाऊस, तापमान आणि जमिनीतील ओलावा यांवर बेतलेला होता. डोंगरावरचा बर्फ आणि धरणातला साठा त्याच्या नजरेबाहेर राहत. ही उणीव भरून काढण्यासाठी कोलोरॅडोत १९८० च्या दशकाच्या आरंभी भूपृष्ठीय जलपुरवठा निर्देशांक तयार झाला. त्यात हिवाळ्यात बर्फ, पर्जन्य आणि धरणसाठा धरतात, तर उन्हाळ्यात बर्फाच्या जागी नदीचा प्रवाह येतो. शून्य म्हणजे सर्वसाधारण स्थिती, आणि दोन्ही टोके उणे व अधिक चारच्या किंचित पलीकडे. प्रत्येक खोऱ्यात घटकांना वेगळे वजन दिलेले असल्यामुळे एका खोऱ्याचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहताना जपावे लागते, ही त्याची मर्यादा.

अलीकडच्या वर्षांनी चर्च यांचे मूळ गृहीतच डळमळीत केले आहे. १ एप्रिल २०१५ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन मोजणीच्या जागी गेले, तेव्हा पायाखाली बर्फाऐवजी सुके गवत होते आणि राज्याचा बर्फसाठा सरासरीच्या पाच टक्क्यांवर आला होता. २०२१ मध्ये कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यात बर्फ तसा फार कमी नव्हता, पण आदल्या वर्षीच्या कोरड्या जमिनीने बरेचसे पाणी वाटेतच शोषले; एप्रिल ते जुलै या काळात त्या नदीवरच्या लेक पॉवेल या धरणाच्या जलाशयात नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पाणी आले, आणि ऑगस्टमध्ये खालच्या खोऱ्यासाठी पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली. त्याच वर्षी, ज्या तीस वर्षांच्या सरासरीशी बर्फाची तुलना करतात, तो पायाही बदलून १९९१ ते २०२० असा धरण्यात आला. ज्या खोऱ्यांत या नव्या काळातील बर्फ आधीपेक्षा कमी आहे, तिथे तेवढ्याच बर्फाची टक्केवारी आता जास्त दिसते.